लाजून मेलेल्या भुताला वन्स मोअर

पडद्यावर सहाशे रेषा होत्या, आणि एक सोडली तर बाकी सगळ्या एकाच क्षणी उडी मारत होत्या.

डॉ. चारुशीला मिराशीने चष्मा काढला, ओढणीला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. रेषा होत्या तशाच. मिरजेच्या नेत्रगती प्रयोगशाळेत माणसांचे डोळे कसे हलतात हे मोजण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचं एकमेकांशी पटत नाही, अशी प्रकरणं तिच्याकडे रोज यायची. इथे मात्र नाट्यगृहभर माणसांचे डोळे संचलनाला उभे असल्यासारखे हलत होते.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

"यंत्राची प्रकृती उत्तम आहे," शेजारी बसलेली मिहो तानिगुची म्हणाली. "माझी तितकीशी नाही."

मिहो क्योतोची. पुण्यात राहून ती मराठी शिकली होती, तीही व्याकरणाच्या पुस्तकातून. त्यामुळे कितीही घाबरली तरी तिचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचल्याशिवाय थांबत नसे. आणि ज्या भुतामुळे हे सगळं उद्भवलं होतं, त्या भुताची ती अधिकृत सांभाळकर्ती होती.

भुताचं नाव उशिरो. 'उकळत्या झऱ्याची धर्मशाळा' नावाची एक जपानी चलच्चित्र मालिका त्या वर्षी सगळीकडे गाजत होती. तिच्यातल्या धर्मशाळेचा स्वयंपाकी भूत, हिशेबनीस भूत, पाणक्या भूत, आणि गिऱ्हाईकं तेवढी जिवंत. उशिरो तिथला छत्र्या दुरुस्त करणारा. गावच्या मुखियाच्या मुलीच्या लग्नात तो नमस्काराला वाकला, कमरेचा पट्टा सुटला आणि लाजेने तो जागच्या जागी मेला. आपल्याकडे 'लाजेने मेले गं' असं माणसं दिवसातून चारदा म्हणतात आणि मग जेवायला बसतात. उशिरो शब्दाला जागला. तेव्हापासून त्याचा स्वभावच असा, की कोणी बघत असेल तर हलायचं नाही, आणि कोणी बघत नसेल तर हलल्याशिवाय राहायचं नाही.

बाकीची भुतं आधी चितारलेली असत. उशिरो मात्र स्वयंपात्र होता, म्हणजे कधी हलायचं, कुठे जायचं, काय खोडी काढायची हे त्या त्या क्षणी स्वतःच ठरवणारा. पडद्याच्या कडेने बसवलेले नजरवाचक प्रत्येक खुर्चीतल्या प्रेक्षकाचे डोळे कुठे आहेत ते त्याला सांगत. गेल्या रविवारची तीच नोंद आज प्रयोगशाळेत आली होती.

ती येण्याला कारण आठल्येबाई. सांगलीच्या नाट्यगृहात मोठ्या पडद्यावर मालिकेचा दुपारचा खेळ होता. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या जागी बेशुद्ध पडल्या. डावीकडे नवरा, उजवीकडे सख्खी बहीण. बाईंची मान कलंडली, हातातला बटाटेवडा घरंगळून पुढच्या माणसाच्या टोपीत जाऊन बसला, पण दिवे लागेपर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. नोंदीत त्यांची रेषा मध्येच तुटली होती, पण बाई वाचल्या. नवरा अजून शपथेवर सांगत होता, "मी मधून मधून तिच्याकडे बघत होतो हो!"

"ते खोटं बोलत आहेत काय?" मिहोने विचारलं.

"नाही. हा आरसा घे. स्वतःचा डावा डोळा बघ. आता उजवा. डोळे हलताना दिसले?"

"नाही."

"आता माझे बघ."

"तुझे हलले!"

"तुझेही हलले, पण तुला कधीच दिसणार नाहीत. डोळा सरकत नाही मिहो, उड्या मारतो. सेकंदाला तीनचार. आम्ही तिला नेत्रझेप म्हणतो. झेपेत सगळं चित्र फरफटतं, म्हणून मेंदू तेवढ्यापुरता पडदा पाडतो आणि पुढचं-मागचं चित्र असं सफाईने जोडून देतो, की मध्ये अंधार होता हे आपल्याला कळतही नाही. झेपांधत्व. जागेपणीही आपण असे कितीदा आंधळे असतो."

"हे मला ज्ञात आहे," मिहो म्हणाली. "उशिरो त्याच अंधारात चालतो. तू खिडकीकडून दाराकडे नजर टाकलीस, की त्या झेपेत तो कपाटामागे जातो. तुला तो हललेला दिसतच नाही. आमच्याकडे माणसे एकेकटी पाहतात, ज्याचा त्याचा पडदा वेगळा असतो. एका माणसाचे दोनच डोळे असतात. ते सोपे आहे. पण इथे तसे नाही."

"इथे सहाशे माणसं, खाऊ बांधून, एका पडद्यासमोर."

"एकाचे डोळे झेपेत असतात तेव्हा दुसऱ्याचे नसतात. कोणी ना कोणी पाहतच असते. म्हणून सुरुवातीच्या खेळांत उशिरो खांबासारखा उभा राहिला. लोक कंटाळले. मग एकदा बाहेरच्या कोणीतरी दार उघडले, उजेड आत आला, आणि सर्वांचे डोळे एकदम तिकडे गेले. उशिरोने संधी साधली. लोक वळून पाहतात तो हा दुसऱ्या टोकाला, डोक्यावर हिशेबनिसाचे धोतर घेऊन उभा होता. आणि तेव्हा तुमच्या लोकांनी तो शब्द उच्चारला."

"कुठला?"

"वन्स मोअर."

नाटकाला वन्स मोअर द्यायचा आणि घेतल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, ही सांगलीची रीत. तिथे एका पदासाठी गायकाला पुन्हा पुन्हा मरणशय्येवरून उठवलेलं आहे.

"हशा ही उशिरोची शाबासकी," मिहो म्हणाली. "ज्या कृतीनंतर हशा येतो ती तो पुन्हा करतो. पण अशी गर्जना त्याने जपानमध्ये कधी ऐकली नव्हती. आम्ही त्याला तो शब्द शिकवलेला नाही. त्याने स्वतः ओळखले, की याहून मोठी शाबासकी जगात नाही. मग तो सर्वांचे डोळे एकदम उडवायला शिकला. डाव्या कोपऱ्यात ठिणगी पडते, उजवीकडे बशी फुटते, पुन्हा ठिणगी पडते. हे एकामागून एक चालते."

"म्हणजे सगळे एकाच वेळी बघतात आणि एकाच वेळी आंधळे होतात," चारुशीला सावकाश म्हणाली. "अगं, आपण आजवर सुखरूप राहतो ते कशामुळे? माझा अंधार आणि तुझा अंधार एका वेळी येत नाही म्हणून. गर्दीत पोर पडलं, तर कोणी ना कोणी बघत असतंच. तुझ्या भुताने ते 'कोणी ना कोणी' काढून टाकलं."

"एक शिल्लक आहे." मिहोने त्या सरळ रेषेवर बोट ठेवलं. "ही व्यक्ती निद्रिस्त आहे काय?"

चारुशीलाने खुर्चीचा क्रमांक बघितला. खुर्ची नव्हतीच. 'बाल्कनी, जिन्याजवळ, उभे' एवढंच होतं.

"ते माझे वडील आहेत," ती म्हणाली.

नीळकंठराव मिराशी, म्हणजे अण्णा, गेली काही वर्षं एका हट्टी आजाराशी भांडत होते. मेंदूतलं नेत्रझेपेचं केंद्रच त्यांचं झिजत चाललं होतं. डोळे उडी मारायचे थांबले होते, पापणीही क्वचित लवायची. बाजूला बघायचं तर सगळी मान वळवायची. वर बघायचं तर मान मागे टाकायची, आणि मान मागे गेली की त्यांचा तोल जायचा. या आजाराची माणसं नेहमी मागच्या मागे पडतात, हात टेकवायलाही वेळ मिळत नाही. पण नाटकाला गेले की बसायचं नाव नाही. "बसून नाटक बघणं म्हणजे लग्नाला जाऊन घरचा डबा खाणं," असं त्यांचं मत.

मिहोने नोंद पुढे सरकवली. खेळाचा शेवट जवळ आला तसे सगळ्यांचे डोळे तालात उडू लागले होते. अण्णांची नजर तेवढी उशिरोवर रोखलेली, आणि त्यामुळे उशिरो अडकलेला. ठिणगी पडली, बशी फुटली. अण्णा ढिम्म. मग नाट्यगृहाच्या छतालाही लावलेल्या पडद्यात एक कागदी कंदील उमटला, आणि अण्णांच्या रेषेने एकदम तळ गाठला.

"इथे काय झालं?"

"त्यांनी मान मागे टाकली. त्या क्षणी उशिरोवर एकही नजर नव्हती. तो नाचला." मिहोचा आवाज उतरला. "आणि लोकांनी वन्स मोअर दिला."

त्या रविवारी घरी आल्यावर अण्णा हसत म्हणाले होते, "आज भुताने ढकललं गं मला! मागे पाटलांचा दांडगा जावई उभा होता, त्याच्या पोटावर जाऊन पडलो. गादीच होती म्हण ना." चारुशीलाला ती थट्टा वाटली होती.

"त्याला कळतं का, की माणूस पडतोय?"

"नाही. त्याला डोळे कळतात, बाकी काही नाही. कंदील लावला की शेवटची नजर जाते आणि गर्जना होते, एवढेच तो शिकला. आज तो कंदील लवकर लावेल."

"आज?"

"आजचा खेळ सुरू झाला असेल, डॉक्टर."

चारुशीलाने नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. होनवाडकर खुशीत होते.

"बोला डॉक्टरीणबाई! हाउसफुल्ल हाय बघा. बाहेर माणसं रडायला लागलीत."

"खेळ थांबवा. आत्ता."

"काय चेष्टा करता? सांगलीत चालू खेळ बंद पाडायचा? खुर्च्या नेतील ओ काढून."

"अण्णा आलेत?"

"आलेत की! आपल्या जागी, जिन्याच्या तोंडाशी. आज मागं कुणाला उभं राहू दिलं न्हाई मी. अख्खा जिना मोकळा ठेवलाय त्यांच्यासाठी. राजासारखे उभे आहेत."

"होनवाडकर, त्यांना आधी तिथून..."

"काय म्हणता? ऐकू येईना. वन्स मोअर चाललाय, ऐका, ऐका!" फोनमधून गर्जना आली आणि फोन बंद झाला.

मिरजेहून सांगली गाठेपर्यंत रस्त्याला चारुशीलाने जेवढ्या शिव्या दिल्या, त्यातल्या बऱ्याच मिहोच्या व्याकरणात नव्हत्या. नाट्यगृहाच्या दारात पोचताच दोघी वेगळ्या झाल्या. खेळ बंद करायची कळ खाली नियंत्रण-खोलीत होती. मिहो तिकडे धावली. चारुशीला जिन्याकडे.

बाल्कनीचा जिना उंच आणि दगडी. वरच्या टोकाला, उजेडाच्या चौकटीत, अण्णांची पाठमोरी आकृती. काठीवर दोन्ही हात, पाठ ताठ, आणि टाचांमागे पायरीची कड.

"अण्णा!" ती ओरडली. वर हशाचा लोंढा उसळला आणि तिचा आवाज त्यात बुडाला.

ती चढू लागली. उशिरा येणाऱ्यांचं काही चुकू नये म्हणून होनवाडकरांनी जिन्याच्या भिंतीवरही पडदा बसवला होता. तिथे ठिणगी चमकली, तिचे डोळे उडाले, पाय पायरीच्या कडेवर पडला आणि गुडघा दगडावर आपटला. ती उठली. पुन्हा बशी फुटली, पुन्हा डोळे उडाले. अण्णा मघाशी सरळ होते, आता किंचित मागे कललेले. मधलं काहीच तिला दिसलं नव्हतं. झेपांधत्वावर ग्रंथ लिहिलेली ही बाई, आणि आपला बाप पडतोय की उभा आहे ते तिला तुकड्यातुकड्याने कळत होतं.

मग तिने जे तिच्या शास्त्राप्रमाणे करायला हवं होतं ते केलं. डोळे गच्च मिटले.

कठडा हाताखालून सरकत राहिला. मिटल्या डोळ्यांना ठिणगी नव्हती आणि बशीही नव्हती. उशिरोच्या लेखी ती जिन्यावर नव्हतीच. ज्याला डोळे नाहीत त्याला तो मोजत नसे. तिने पुढे केलेला हात अण्णांच्या खादीच्या सदऱ्याला लागला, आणि त्याच क्षणी वर छतात काहीतरी उजळल्याची ऊब तिला पापण्यांवर जाणवली. अण्णांची मान मागे आली, डोकं तिच्या खांद्यावर आदळलं आणि सगळं ओझं तिच्या अंगावर आलं. तिने कठड्याला विळखा घातला.

"कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

"मी. चारू."

अण्णांनी मान वळवली. "तू? आणि डोळे मिटून बघतेस? समीक्षक झालीस की काय?"

"वन्स मोअर!" सभागृह गरजलं. "वन्स मोअर!"

"अण्णा, वर बघू नका."

"मी कुठे बघतो? मान जाते." त्यांचा आवाज आता तितका थट्टेचा राहिला नव्हता. "कंदील आला की जाते. चारू, तो परत लावणार बघ."

कंदील आला. या वेळी धक्का जोरात बसला. तिचा एक पाय पायरीवरून सुटला आणि पुन्हा लागला. अण्णांना वळवून खाली न्यावं तर वळतानाच ते पडतील. इथेच धरून ठेवावं तर तिच्या हातांना रग लागलेली. खाली मिहो कुठलंतरी दार बडवत होती: "कृपया उघडा! मी अत्यंत निकडीने आले आहे!" आतून होनवाडकरांचं उत्तर येत होतं, "वन्स मोअर झाल्यावर या!"

"वन्स मोअर!"

तिसऱ्यांदा तिचा खांदा कठड्यावर आपटला. ओरडणाऱ्यांपैकी कोणालाही मागे काय चाललंय हे दिसत नव्हतं. प्रत्येकाची मान सरळ होती, डोळे उघडे होते आणि सगळे मिळून आंधळे होते.

त्या भुताला एकच शब्द कळतो, तिच्या मनात आलं. मग तोच द्यायचा, पण भलत्या वेळी.

"अण्णा, तो आत्ता काय करतोय?"

"उभा आहे. मी बघतोय ना! ठोंब्यासारखा उभा आहे."

"हलत नाही?"

"बोटसुद्धा नाही."

"मग ओरडा माझ्याबरोबर. वन्स मोअर!"

अण्णांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांच्या सगळ्या अंगाला हसू फुटलेलं तिला जाणवलं. "नुसतं उभं राहिल्याबद्दल? वा!" आणि थरथरत्या, पण बाल्कनीत वाढलेल्या आवाजात ते ओरडले, "वन्स मोअर! काय उभा राहिलाय! वन्स मोअर!"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. काहीही न करणाऱ्या नटाला वन्स मोअर द्यायचा, ही कल्पना त्यांना इतकी आवडली, की त्यांनी ती लगेच उचलली. मग सगळी बाल्कनी. मग खालचे. "वन्स मोअर! असंच! हलू नको रे!" खुर्च्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. सांगलीच्या त्या नाट्यगृहात इतकी मोठी गर्जना कुठल्याही गायकाच्या नशिबी आली नव्हती.

कंदील आला नाही. ठिणगीही पडली नाही आणि बशीही फुटली नाही.

"अजून उभाच आहे?" तिने विचारलं.

"उभाच. शिकला लेकाचा."

तिने अण्णांना हळूहळू पुढे लोटलं, कडेपासून दूर, शेवटच्या रांगेच्या पाठीपर्यंत. पोराटोरांच्या पिशव्या ठेवलेल्या एका खुर्चीत त्यांना बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते नाट्यगृहात काही न बोलता बसले. वाचलो, असं वाटून तिने डोळे उघडले.

पडद्याच्या मधोमध उशिरो उभा होता. लाजरा, गोल चेहऱ्याचा, बगलेत मोडकी छत्री. आणि त्याच्या कपाळावर एक इवलासा पांढरा ठिपका होता. तो ठिपका वाढत नव्हता, हलत नव्हता, तरी आता काहीतरी होईल असं सारखं वाटत होतं. तिने त्याच्यावरून नजर काढायची ठरवली. मग थोड्या वेळाने काढू, असं ठरवलं.

सभागृहात शांतता होती. टाळी, खोकला, वेफर्सच्या पिशवीचा आवाज, काही नव्हतं.

तेव्हा तिला त्याचा हिशेब कळला. न हलण्याला मोठी शाबासकी मिळाली, म्हणजे आता न हलणंच चांगलं. पण कोणी बघत नसेल तर त्याला हलल्याशिवाय राहवत नाही, तो त्याचा स्वभाव. मग न हलता राहायचं तर उपाय एकच, सगळ्यांनी सतत त्याच्याकडे बघत राहणं. जगातलं सर्वांत लाजरं भूत आता कोणाची नजर सुटू देणार नव्हतं. जे डोळे उडवायला शिकलं होतं, तेच डोळे जखडायला त्याला कितीसा वेळ लागणार?

आणि मग उशिरोचे कान विरले. मागची धर्मशाळा धुरकटली. पडद्याच्या कडा राखाडी झाल्या. तिने विद्यार्थ्यांना किती वेळा शिकवलं होतं, की आपल्याला दिसतं ते डोळ्याच्या बारीक थरथरीमुळे. डोळा अगदी स्थिर झाला, तर समोरचं चित्र हळूहळू पुसलं जातं. छत्री गेली, चेहरा गेला. शेवटी ठिपकाही गेला. सहाशे माणसं टक लावून बसली होती आणि कोणालाच काही दिसत नव्हतं.

"चारू," अण्णांचा आवाज आला, "लोक असे का बसलेत? आणि तुझे डोळे असे काय?"

"अण्णा, मला काही दिसत नाही."

"डोळे हलव."

"हलत नाहीत."

"अगं, मग मान हलव! मी काय करतो रोज?" दोन थरथरत्या तळव्यांनी तिचे गाल धरले आणि माठ फिरवावा तसं तिचं तोंड बाजूला वळवलं. राखाडी फाटलं. भिंत दिसली, दार दिसलं, अण्णांचं न लवणाऱ्या पापण्यांचं, चिडलेलं तोंड दिसलं. "हां. आता तिकडे बघू नकोस. मी नेतो तुला."

ती त्यांचा दंड धरून, जमिनीकडे बघत जिना उतरली. कोण कोणाला उतरवत होतं हे सांगणं कठीण होतं. नियंत्रण-खोलीचं दार आता उघडं होतं. काचेसमोर होनवाडकर आणि मिहो शेजारी शेजारी उभे, तोंडं पडद्याकडे. मिहोचा हात कळीपासून वीतभर अंतरावर थांबलेला. अण्णांनी होनवाडकरांचं डोकं वळवलं, चारुशीलाने मिहोचं. मिहोने डोळे मिटून कळ ओढली.

सभागृहात दिवे लागले. माणसं डोळे चोळू लागली, एकमेकांना ओळखू लागली. आज पुन्हा जोडीने आलेल्या आठल्यांनी तर बायकोचा हात असा धरला, की तिने तो सोडवून घेतला.

"सुटलो," होनवाडकर खुर्चीत कोसळत म्हणाले.

चारुशीला मिहोकडे बघत होती. "मिहो, इथला उशिरो आणि घराघरांतला उशिरो वेगळे आहेत?"

"नाही. उशिरो एकच आहे. पडदे अनेक आहेत."

"इथे शिकलेलं बाकीच्या पडद्यांवर कधी जातं?"

मिहोने तोंड उघडलं. पहिल्यांदाच तिचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं नाही. "लगेच," ती म्हणाली. "आणि आज रविवार... सगळीकडे आत्ता..."

तिने क्योतोला फोन लावला. वाजत राहिला. चारुशीलाने पुण्यात बहिणीला लावला, मग प्रयोगशाळेत, मग पोलीस चौकीत. सगळीकडे नुसते वाजत राहिले. बाहेर रस्त्यावर, समोरच्या चहाच्या टपरीवर, छोट्या पडद्यापुढे चार माणसं कप तोंडाशी धरून उभी होती आणि चहा त्यांच्या शर्टांवर सांडत होता.

एवढ्यात तिचाच फोन वाजला. सिंधूताई भिसे, विश्रामबागच्या. अण्णांच्याच आजाराच्या, तिच्या दवाखान्यात दर महिन्याला येणाऱ्या. ज्यांची नजर आता बरी होणार नाही, असं ती त्यांच्या मुलाला हळू आवाजात सांगत आली होती, त्यांपैकी एक.

"डॉक्टरीणबाई, आमच्या घरात काहीतरी झालंय," सिंधूताई घाईघाईने म्हणाल्या. "मुलगा, सून, नातवंडं, सगळी टीव्हीपुढं दगडासारखी बसलीत. हाका मारून घसा सुकला. गॅसवर दूध उतू गेलं, मीच उठून बंद केला. मला एकटीलाच दिसतंय हो, हे काय आहे?"

अण्णांनी फोनकडे कान केला आणि मान हलवली. ठिपक्याने जखडतात ते डोळे, मान नाही. चारुशीलाला कळलं, की पुढची हाक कोणाकोणाला घालायची आहे. तिचे सगळे रुग्ण. गावोगावचे, न लवणाऱ्या पापण्यांचे, मान वळवून जग बघणारे.

"सिंधूताई, नीट ऐका. काठी घ्या, सावकाश उठा, पडू नका. आधी टीव्हीचं बटण बंद करा. मग शेजारी जा. तिथल्या बसलेल्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरा आणि पडद्यापासून वळवा. मग पुढच्या घरात."

"बटण सापडत नाही. रिमोट कुठं टाकलाय देव जाणे. घरातल्यांचीही डोकीच वळवते. कोणाचं आधी?"

"जो हाताला लागेल त्याचं."

"सुनेचं पण?"

"तिचंही. पण जरा जपून, सिंधूताई."

पलीकडे काठी टेकल्याचा आवाज झाला. "ते बघते मी," सिंधूताई म्हणाल्या.